विटकरी पानांचं झाड

१

चौकट जागच्या जागी होती. आतलं भरतकाम तेवढं नाहीसं झालं होतं.

दिवाणखान्यात सोफ्याच्या वर घरातल्या माणसांचे फोटो ओळीने टांगले होते, आणि मधल्या मोठ्या चौकटीत काचेमागे नुसता पिवळट पुठ्ठा दिसत होता. घराचा धाकटा मुलगा सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आला, त्याची नजर वर गेली, आणि कप तसाच खाली ठेवून त्याने इन्स्पेक्टरबाईंना फोन लावला.

इन्स्पेक्टरबाई नोकरीतून कधीच्या निवृत्त झाल्या होत्या, पण लोकांच्या लेखी त्या अजूनही इन्स्पेक्टरबाईच होत्या. गुडघे कुरकुरत होते, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, स्वभाव मात्र होता तसाच तिखट. ज्या भानगडी चौकीत न्यायची लाज वाटते त्या लोक त्यांच्याकडे आणत. बाई ऐकून घेत, बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसासारखी मान हलवत, आणि समोरचा जे सांगतोय त्यापेक्षा तो काय गाळतोय याकडे कान लावून बसत.

"काय होतं ह्यात?" त्यांनी विचारलं.

"आईनं भरलेलं झाड. बाजारात कुणी फुकटही नेणार नाही. पण आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

खुर्चीवर चढणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. बाईंनी चौकट खाली उतरवून घेतली. मागचे बारीक खिळे उचकटून पुन्हा नीट दाबून बसवले होते. काचेवर बोटाचा एकही ठसा नव्हता. शेजारच्या फोटोंच्या वरच्या कडेवर धुळीचा जाड थर होता. ह्या चौकटीच्या वरच्या कडेवर धुळीचा कणही नव्हता.

"चोरानं चोरी केली आणि वर चौकट पुसून ठेवली," बाई म्हणाल्या.

"पुसणारच. पक्का माणूस आहे तो."

"तो म्हणजे?"

धाकट्यानं जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "चोर कोण ते मला ठाऊक आहे, बाई. तो वरच्या खोलीत बसलाय. पण तुम्हाला बोलावलं ते नुसत्या चोरीसाठी नाही. तो माणूस माझा थोरला भाऊ म्हणून ह्या घरात राहतोय. आणि तो माझा भाऊ नाही."

२

घरामागे फरसबंद अंगण होतं आणि अंगणापलीकडे सूत रंगवायचा कारखाना. धाकटा बाईंना तिथल्या रंगखोलीत घेऊन गेला. हात रिकामे असले की त्याला बोलता येत नसावं. तो सुताच्या लडी उजेडात धरून वेगळ्या करत होता, आणि बोलत होता.

"दादा घरातून पळाला तेव्हा मी इतकासा होतो. चेहरासुद्धा धड आठवत नाही. गेल्या महिन्यात बाबा गेले, आणि त्यानंतर हा दारात उभा. म्हणे, मी आलो."

"चेहरा जुळतो?"

"बाबांसारखा दिसतो खरा. पण चेहऱ्याचं काय, शोधलं तर रस्त्यातही सापडतो." त्यानं दोन हिरव्या लडी बाईंपुढे धरल्या. "ह्या सारख्या दिसतात तुम्हाला?"

बाईंनी चष्मा वरखाली केला. "अगदी सारख्या."

"डाव्या लडीत लालसर झाक आहे. रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला हे झोपेतही कळतं. मी त्या माणसाला इथं आणलं. एक लडी गडद हिरवी, एक तपकिरी. म्हटलं, सांग कुठली कुठली. बघत बसला. मग म्हणाला, नाही ओळखता येत. आता बोला. आमच्या बाबांचा मुलगा, आणि हिरवं-तपकिरी कळत नाही?"

"रक्त तपासून घ्यायचंत. हल्ली सोपं झालंय."

"तेच म्हटलं मी. तर साफ नाही म्हणाला. खरा असता तर नाही कशाला म्हणेल?" लडी त्यानं खुंटीवर अडकवली. "आणि आत्यानंही आकांत केला. रक्त काढून नाती मोजायची वेळ आली का ह्या घरावर, म्हणे. दोन दिवस जेवली नाही. मग मी तो नाद सोडला आणि तुम्हाला गाठायचं ठरवलं."

"त्याला वाटा हवाय ना कारखान्यात?"

धाकटा जरा अडखळला. "तेच तर विचित्र आहे. काल रात्री जेवताना म्हणाला, मला काही नको. आईनं भरलेलं ते झाड तेवढं द्या, मी निघून जातो. मी म्हटलं, आईची वस्तू परक्याला मिळणार नाही. आणि आज सकाळी ती गायब."

हक्क सांगायला आलेला माणूस हक्कावर पाणी सोडतो आणि एका जुन्या कापडासाठी अडून बसतो. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण ती नेमकी कुणाच्या नावानं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

परत येताना स्वयंपाकघरात धाकट्याची बायको भेटली. भाजी चिरत होती, पण सुरी मघापासून एकाच जागी थांबली असावी.

"पहाटे दिवाणखान्यात कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"मी नव्हते."

"तुम्ही होतात असं मी म्हटलंच नाही."

ती ओशाळली. "ह्यांना वाटेल, मीच ते भावजींना काढून दिलं. मला दया येते त्यांची, म्हणून. पण मी हात लावलेला नाही. पहाटे कुणीतरी मागचं दार उघडलं, एवढं ऐकलं. पावलं हळू होती."

"ते झाड कसं होतं, सांगता?"

"छानच होतं. जरा चमत्कारिक. पानं निम्मी हिरवी, निम्मी विटकरी. म्हणजे एक पान हिरवं, एक विटकरी, असं नाही हं. एकाच पानात अर्ध्यावर रंग बदललेला. मी सासूबाईंना विचारलं होतं, हे काय, पानगळ दाखवलीय का? तर एवढ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. हो, पानगळच, म्हणाल्या आणि विषय बदलला."

"स्वभावानं कशा होत्या?"

"शांत. चोखंदळ. टोमॅटोसुद्धा एकेक दाबून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत." तिनं सुरी खाली ठेवली आणि दाराकडे बघितलं. "बाई, एक सांगू? भावजींची बॅग कालच भरून तयार होती. ते जायला निघाले होते. आज ती वस्तू गेली, आणि त्यांनी बॅग पुन्हा सोडलीय. हवी होती ती वस्तू मिळाली असती, तर माणूस थांबला असता का?"

३

वरच्या खोलीतला माणूस खिडकीशी उभा होता. पन्नाशीच्या आसपासचा, अंगानं बारीक. बाई आल्या तशी त्यानं खुर्ची पुढे केली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला, परक्याच्या घरी बसावं तसा.

"धाकट्यानं बोलावलंय तुम्हाला, मला बाहेर काढायला."

"मला खरं काय ते शोधायला बोलावलंय. मग कोण बाहेर जाईल ते मी ठरवत नाही. लडी का नाही ओळखता आल्या?"

"नाही आल्या."

"डोळ्यांत दोष आहे?"

"असेल."

"मग तसं सांगितलं का नाहीत? जन्मापासूनचा दोष आहे म्हटलं असतं, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं."

त्यानं पलंगावरची चादर सरळ केली. इन्स्पेक्टरबाईंनी आयुष्यात खोटं बोलणारी माणसं पोत्यानं बघितली होती. खोटं बोलणारा गडी प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हा प्रत्येक उत्तर बाहेर काढायच्या आधी आतल्या आत तपासून बघत होता.

"रक्ततपासणीला नाही म्हणालात."

"हो."

"का?"

"मर्जी माझी."

"बरं. ते झाड कसं होतं?"

इथं पहिल्यांदा त्याचा चेहरा निवळला. "साधं झाड होतं. आई भरायची तेव्हा मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचो. जसं झाड असतं, तसंच हुबेहूब."

"पानं?"

"पानांसारखी पानं."

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या तेव्हा तो मागून म्हणाला, "ते कुणी नेलं ते कळलं, तर आधी मला सांगाल? धाकट्याच्या आधी?"

"का म्हणून?"

त्यानं पुन्हा उत्तर आतल्या आत तपासून बघितलं, आणि ह्या वेळी ते आतच ठेवलं.

४

कारखान्याचा जुना मिस्त्री पहिल्यांदा काखा वर करूनच बोलायला लागला. घरातलं घरात, आपल्याला काय त्याचं. पण बाई बाकावर बसून राहिल्या, आणि बसून राहिलेल्या माणसापुढे मिस्त्रीचं फार वेळ चाललं नाही.

"थोरला मुलगा कसा होता?"

"कामाला वाघ. ओझी उचलेल, भट्टी सांभाळेल. पण रंगात ढ. सारखा घोळ घालायचा. मालकांना वाटायचं, मुद्दाम करतो, लक्ष देत नाही. शेवटी एकदा हिरव्या मालात तपकिरी घातला आणि अख्खा माल वाया गेला. मालकांनी अंगणात सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. म्हणाले, रंगाऱ्याच्या पोटी आंधळा जन्मला. दुसऱ्या दिवशी पोरगा नाही."

"त्याची आई कुठं होती तेव्हा?"

"तिथंच, पायरीवर. तोंडातून शब्द काढला नाही बाईसाहेबांनी. नंतर मात्र कितीतरी दिवस दाराशी येऊन उभ्या राहायच्या." मिस्त्रीनं कपाळावरचा घाम पुसला. "रंगखोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. वास सोसत नाही म्हणायच्या."

"आणि आत्या?"

"त्या यायच्या की. तरुणपणी तर मालकांच्या बरोबरीनं काम करायच्या. रंगाची नजर अशी, की मालकही त्यांना विचारायचे. धाकट्याला त्यांनीच तयार केलं, इथं ह्याच बाकावर बसवून. आता बरीच वर्षं झाली, ह्या बाजूला फिरकत नाहीत."

बाई जायला उठल्या. तेवढ्यात मिस्त्री, बोलू की नको असा विचार करत, म्हणाला, "एक बारीकशी गोष्ट आहे. सांगण्यासारखी आहे की नाही, कुणास ठाऊक."

"सांगा."

"आज सकाळी आलो, तर काळ्या रंगाच्या हौदाखालची शेगडी कोमट होती. फरशीवर थेंब होते. आणि काळ्याचं काम सध्या आमच्याकडे अजिबात नाही."

५

आत्या आपल्या खोलीत आरामखुर्चीवर बसली होती. लग्न न करता भावाच्या घरी सगळं आयुष्य काढलेली, ताठ बसणारी बाई. दोन्ही हात शालीखाली घेतले होते. खोलीत उकडत होतं.

"बसा. चहा घेणार?"

"नको. चहा ओतताना माणसं फार खोटं बोलतात, असा माझा अनुभव आहे."

आत्या हसली नाही. "विचारा काय ते."

"वर राहतो तो तुमचा भाचा आहे?"

"नाही." उत्तर झटकन आलं. "तो आमचा नाही. त्याला जाऊ दे. आला तसा जाऊ दे."

"खात्री आहे?"

"हो." मग थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "तो जेवला का आज?"

बाईंनी त्याचं उत्तर दिलं नाही. "रक्ततपासणीला तुम्ही का विरोध केलात? तोतया असेल तर उघडा पडला असता. तुम्हाला तर तेच हवंय."

"आमच्या घराण्यात असले प्रकार होत नाहीत."

"भिंतीवरच्या झाडाची पानं कुठल्या रंगाची होती?"

"आठवत नाही."

"त्या चौकटीवरची धूळ रोज तुम्हीच पुसत होतात ना? सूनबाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही."

"पुसणारा धूळ बघतो, चित्र बघत नाही."

उत्तर चोख होतं. पण हिरव्यातली लालसर झाक ओळखायला ज्या बाईनं पोराला शिकवलं, तिला स्वतःच्या घरातल्या भिंतीवरचा विटकरी रंग आठवत नव्हता. बाईंना खोकला आला. खोटा होता, पण उत्तम जमला. आत्यानं सवयीनं शेजारच्या तांब्याकडे हात नेला आणि पेल्यात पाणी ओतून पुढे केलं.

इन्स्पेक्टरबाईंनी पेला घेतला. पेल्याकडे मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. आत्याच्या सगळ्या नखांच्या कडा काळ्याभोर झाल्या होत्या.

६

चोर सापडला होता. कोडं मात्र सुटलं नव्हतं, उलट आणखी गुरफटलं होतं. चोरी करायची, ती वस्तू स्वतःजवळ ठेवायची नाही, जाळायची नाही, तर काळ्या रंगात बुडवायची. म्हणजे आत्याला ते झाड नकोसं नव्हतं. तिला त्याचे रंग नकोसे होते.

बाई तडक आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"मोतीबिंदू काढायचं ठरलं का एकदाचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. एक प्रश्न आहे. एखादी बाई भरतकाम करताना एकाच पानात हिरव्यावरून विटकरीवर जाते, आणि तिला ते कळतही नाही. टोमॅटो पिकलाय की नाही ते दाबून बघते. रंगखोलीत पाऊल टाकत नाही. काय म्हणाल?"

"तिला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही म्हणेन. बायकांत क्वचित असतं, पण असतं."

"आणि तिच्या मुलाला?"

"येणारच. हा दोष मुलाकडे आईकडूनच जातो."

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे थोरला खरा होता. आई रंगाऱ्याच्या घरात लग्न होऊन आली, आपला दोष जन्मभर लपवून बसली, आणि त्याच दोषापायी मुलानं मार खाल्ला तेव्हाही तिला तोंड उघडता आलं नाही. ते झाड म्हणजे थोरल्याच्या बाजूची साक्ष होती. आत्यानं ती पुसून टाकली, कारण तिला धाकटा जास्त जवळचा. उलगडा झाला.

त्या आभार मानून उठल्या. डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या, "आईला स्वतःला हा दोष असेल, तर एखाद्या मुलाला येईल आणि एखाद्याला नाही, असं होत नाही बरं का. तिच्या पोटचे जेवढे मुलगे, तेवढ्या सगळ्यांना तो असतो. एकही सुटत नाही."

बाई दाराच्या मुठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. उजेडात धरलेल्या त्या दोन लडी त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. डाव्या लडीत लालसर झाक आहे.

तोतया हुडकायला ज्यानं त्यांना बोलावलं होतं, तोच त्या आईच्या पोटचा नव्हता.

७

त्या परत आल्या तेव्हा थोरला अजून खिडकीशीच होता. बाईंनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही खरे आहात," त्या म्हणाल्या. "मला ते तुमच्या डोळ्यांवरून नाही कळलं. रंग न ओळखणारी माणसं पुष्कळ असतात. कळलं ते तुमच्या वागण्यावरून. तोतया असतात, तर जन्मापासूनचा दोष आहे हे पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असतंत. रक्त द्यायची टाळाटाळ केली असतीत, पण घाबरत घाबरत. तुम्ही शांतपणे नाही म्हणालात, आणि वाटा सोडून एक कापड मागितलंत. ह्या घरात लपवण्यासारखं काय आहे, हे ज्याला माहीत असेल तोच असं करेल. बाहेरच्या माणसाला ते कळणारच नाही."

तो हळूच खाली बसला. पहिला प्रश्न त्यानं स्वतःबद्दल विचारला नाही. "धाकट्याला कळलं?"

"नाही."

"मग कळवू नका." त्यानं दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला. "मी बोटीवर नोकरीला गेलो, तिथं डोळे तपासले तेव्हा मला माझा दोष कळला. डॉक्टरांनी सगळं समजावलं. आईकडून येतो, आणि तिलाच असेल तर सगळ्या मुलांना येतो. आई मला दोरे निवडायला बसवायची आणि दोघं मिळून चुकायचो, ते आठवलं. इतकी वर्षं तिच्यावर राग धरला होता, तो त्या दिवशी गेला. पण यायचा धीर होईना. बाबा गेल्याचं कळलं, म्हणून आलो. वाटलं, सांगू धाकट्याला, मी कामचुकार नव्हतो रे. आणि आलो तर हा रंगखोलीत बसून लडी निवडत होता. एका नजरेत."

"तेव्हा तुमच्या लक्षात आलं."

"मी शाळेत होतो, तेव्हा आई आणि आत्या कितीतरी महिने दुसऱ्या गावी जाऊन राहिल्या होत्या. येताना बाळ घेऊन आल्या. आईच्या मांडीवर होतं, आणि रडत होती आत्या. पोराला काय कळतंय त्यातलं." तो थांबला. "त्यानं मला तोतया ठरवायचं चालवलं, तेव्हा वाटलं, ठरवू दे. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं, तर तो सुटतो. फक्त ते झाड भिंतीवर नको होतं. उद्या त्याच्या मुलांना काही विचारायचं सुचलं, कुणी पाहुणा डॉक्टर निघाला... ते न्यायचं आणि जायचं, एवढंच ठरवलं होतं. तुम्ही त्याला सांगा, मी तोतया होतो. तुमचंही काम होईल."

"माझं काम असं होत नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा तिखट निघाला नाही.

बाहेर जिन्यात काहीतरी घासल्याचा आवाज झाला. बाईंनी दार उघडलं. कठड्याला धरून आत्या उभी होती. बगलेत एक घडी केलेलं कापड होतं. ती किती वेळची तिथं होती ते विचारायची गरज नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं.

ती आत आली आणि तिनं कापड पलंगावर उलगडलं. खोड, फांद्या, एकेक पान, सगळे टाके जसेच्या तसे होते. सगळं काळं होतं.

"मला वाटलं, तू हे दाखवून हक्क सांगणार," ती थोरल्याला म्हणाली.

"मी हे जाळणार होतो, आत्या."

"माझ्यानं जाळवलं नाही. तुझ्या आईचं एवढंच उरलं होतं." ती पलंगाच्या टोकाशी टेकली. "तिलाही शेवटी शेवटी डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा मला म्हणाली, थोरला माझ्या गप्प बसण्यानं गेला, धाकट्याला हे कधी कळू देऊ नकोस. तिनं माझी लाज आपल्या पदरात घेतली, आणि मी काय केलं? तिचा मुलगा दारात आला, आणि मी म्हटलं, हा आमचा नाही."

"तुझा नाइलाज होता."

"पहिल्यांदा नाइलाज होता. ह्या वेळी नव्हता." तिनं इन्स्पेक्टरबाईंकडे बघितलं. "तुम्ही त्याला काय सांगणार?"

"मला त्यानं एकच विचारलंय. हा त्याच्या बाबांचा मुलगा आहे का. त्याचं उत्तर हो आहे, आणि ते मी देणार. कसं कळलं म्हणून तो विचारेल. तिथून पुढचं माझं नाही."

आत्या उठली. थोरला तिला अडवायला पुढे झाला. तिनं काळ्या नखांचा हात त्याच्या छातीवर ठेवून त्याला मागे सारलं. "बस इथंच. एका गप्प राहणाऱ्या बाईनं तुला घालवलं. दुसरीनं घालवू नये."

८

धाकटा अंगणातल्या नळावर हात धूत होता. इन्स्पेक्टरबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. तो तुमचा दादाच आहे. भरतकाम त्यानं नेलं नव्हतं. धाकट्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग राग येऊन गेला. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला बाईंच्या मागे उभी असलेली आत्या दिसली.

"मी नेलं," ती म्हणाली. "बाईंना जाऊ दे. मला तुझ्याशी बोलायचंय."

बाई निघाल्या. अंगण ओलांडून फाटकाशी आल्या आणि गुडघ्यानं असहकार पुकारला म्हणून कठड्याला टेकल्या. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. आत्याचं बोलणं त्यांना शब्दशः ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं. ती सलग, सपाट आवाजात बोलत होती. धाकटा मधेच एकदा हसला, थट्टा चालली असावी तसा. नंतर त्याचं हसू थांबलं. नळ तसाच वाहत राहिला होता. त्यानं तो बंद केला, आणि मग पुढचं सगळं नको असताना ऐकू यायला लागलं.

"म्हणजे परका मी," तो म्हणाला. "सगळा महिना मी त्याला... आणि तो गप्प बसला. माझ्यासाठी."

"हो."

"कोण होता तो? माझा..."

आत्यानं नाव सांगितलं. कारखान्यात यायचा सूत घेऊन. परत येतो म्हणून गेला आणि वाटेतच तापानं गेला, ते तिला फार उशिरा कळलं होतं. धाकट्यानं ते नाव एकदा स्वतःशी उच्चारून बघितलं. मग तो पायरीवर बसला, पाय दुमडून, लहान मुलं बसतात तसा. त्याच्या ओल्या हातांवरून पाणी ठिबकत होतं.

"एवढी वर्षं एका घरात होतो," तो म्हणाला. "रोज जेवायला वाढलंस. शेजारी बसवून रंग शिकवलेस. एकदा तरी सांगायचं होतंस."

"सांगायचे," आत्या म्हणाली. "रोज सांगायचे. दार लावून, पाळण्याशी बसून. मग तुला बोललेलं कळायला लागलं, आणि बंद केलं."

आत्या उभीच होती, बसावं की जावं ते न कळून. शेवटी धाकटा पायरीवर थोडा सरकला. ती त्याच्या शेजारी बसली, मधे हातभर अंतर ठेवून.

इन्स्पेक्टरबाईंनी फाटकाची कडी आवाज न करता काढली. त्या रस्त्यावर पाऊल टाकत होत्या तेव्हा मागून धाकट्याचा आवाज आला. घोगरा, पण सरळ.

"दादाला खाली बोलाव," तो म्हणत होता. "वर एकटाच बसलाय तो."